देऊळ, देह आणि जाणीव

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त सभामंडपात झालेले व्याख्यान)



समितीने मला या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी कीर्तनकार नाही, प्रवचनकारही नाही. जन्मभर हायस्कूलात मुलांना शास्त्र शिकवले. त्यामुळे पाराजवळ एका मित्राने मला अडवून विचारले, "गुरुजी, तुम्ही प्रयोगशाळेतले माणूस. देवळात काय बोलणार?" त्या प्रश्नाचे उत्तर हेच माझे आजचे भाषण आहे.

मंडळी, गेली काही वर्षे आपले देऊळ पावसाळ्यात गळत होते. भजनाला बसलो की मृदंगावर थेंब पडायचे. आपण काय केले? आरतीची संख्या वाढवली का? नाही. गवंडी बोलावला. त्याने छत पाहिले, तुळया पाहिल्या, पाणी कोठे मुरते ते शोधले आणि दुरुस्ती केली. सभामंडप लहान पडत होता, तो वाढवला, वारा खेळेल अशा खिडक्या ठेवल्या. मात्र विठ्ठल-रखुमाई जेथे उभे होते तेथेच राहिले. गाभाऱ्याची पूजा कशी करावी हे आपण गवंड्याला विचारले नाही, आणि छत कसे बसवावे हे पुजाऱ्याला विचारले नाही. दोघांनी आपापले काम चोख केले म्हणून आजचा दिवस उगवला.

माणूस हेही एक देऊळच आहे असे संत सांगत आले. देह हे त्याचे छत आणि भिंती. मन हा सभामंडप, जेथे सुखदुःखे येतात, बसतात, कधी भांडतात. आणि 'मी आहे' ही जी जाणीव आपल्याला अहोरात्र असते, तो गाभारा. देहाचा विचार विज्ञान करते, मनाचा मानसशास्त्र करते, जाणिवेच्या मुळाचा शोध अध्यात्म घेते. या तिघांचे भांडण नाही. भांडण आपण लावतो, एकाचे काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून. ही चूक किती महाग पडते हे मी माझ्याच घरात पाहिले आहे. ती हकीकत आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतो.

१९७२ चा दुष्काळ येथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. माझी थोरली चुलती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. त्या काळात तिचा आठ वर्षांचा मुलगा तापाने गेला. सहा महिन्यांनी तिच्या अंगात येऊ लागले. ती घुमायची, वेगळ्याच आवाजात बोलायची. लोक नारळ घेऊन दारात यायचे, प्रश्न विचारायचे. घरच्यांना पहिल्यांदा थोडा अभिमानही वाटला, हे मी लपवत नाही. पुढे तिने अन्न सोडले, झोप गेली, रात्री-अपरात्री ती विहिरीकडे चालू लागली. आम्ही देवऋषी केले, उतारे केले, अंगारे-धुपारे केले. जवळजवळ एक वर्ष त्यात गेले. मग एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दोन मिनिटे पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे सारे ढोंग आहे, घरी न्या." चुलती त्या दिवसापासून कोणाशी बोलेनाशी झाली.

शेवटी एका शहाण्या नातेवाइकाच्या सांगण्यावरून तिला सोलापुरात मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी औषध सुरू केले. तेथे समाजसेविकेचे काम करणाऱ्या एक बाई होत्या. त्या दर खेपेला तिला जवळ बसवून मुलाविषयी विचारायच्या. त्याला काय आवडायचे, तो काय बोलायचा. वर्षभरात आमच्यापैकी एकानेही तिला हा प्रश्न विचारला नव्हता. त्या बाईंपुढे ती पहिल्यांदा पोटभर रडली. हळूहळू अन्न गोड लागू लागले. अंगात येणे थांबले. मग एका संध्याकाळी ती आपल्या याच देवळात हरिपाठाला येऊन बसली, आणि त्यानंतर अखेरपर्यंत तिने तो चुकवला नाही.

पुढे मी शास्त्राचा शिक्षक झालो. एकदा तिला विचारले, "काकू, तुला बरे कशाने वाटले?" ती म्हणाली, "झोप गोळीनं आली. रडू बाईंपुढं आलं. पण देवळात बसल्याबिगर दिवस सरत न्हाई." ती अक्षरशत्रू होती. परंतु आज मी जे सांगणार आहे ते सारे तिच्या या तीन वाक्यांत आले.

आता प्रथम विज्ञानाकडे वळू. आपला मेंदू वजनाने साधारण दीड किलोच्या आतच भरतो. त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. शरीराच्या वजनात त्याचा वाटा पन्नासाव्या भागाइतका, पण शरीराची एक-पंचमांश ऊर्जा तो एकटा खातो. १९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने मेंदूतील विजेच्या लहरी प्रथमच कागदावर उमटवल्या आणि १९२९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केले. माणूस डोळे मिटून शांत बसला की सेकंदाला आठ ते तेरा या गतीने एक संथ लहर उमटते. डोळे उघडले, आवाज झाला की ती मोडते.

योगायोग पाहा. त्याच १९२४ साली आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना केली आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. योगक्रिया होतात तेव्हा शरीरात नेमके काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासले. नौली करताना आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि म्हणूनच पाणी आत ओढले जाते, हे त्यांनी मोजून दाखवले. श्रद्धावान योगी होते, पण 'आमचे शास्त्र थोर' एवढे म्हणून थांबले नाहीत. मोजण्यासारखे होते ते मोजले.

अशा मोजण्याने कधी आपली समजूत पक्की होते, कधी ती सोडावी लागते. योगी हृदय बंद करू शकतात असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वेंगर, बागची आणि आनंद या तीन संशोधकांनी हा दावा तपासून १९६१ साली निष्कर्ष छापला. मनगटाला नाडी लागत नव्हती हे खरे. परंतु हृदयाची विद्युत्-नोंद चालूच होती. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होत होते. हृदय थांबले नव्हते. याउलट, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी काही योग्यांच्या मेंदूच्या लहरी ध्यानात असताना नोंदवल्या. तेही संशोधन १९६१ चेच. प्रखर उजेड टाकला, मोठा आवाज केला, तरी ती संथ लहर मोडली नाही. दोन योग्यांनी चार अंश तापमानाच्या गार पाण्यात पाऊण तासाहून जास्त वेळ हात बुडवून ठेवला, तरीही ती तशीच राहिली. एकाच साली एक दावा गळून पडला, दुसऱ्या बाबतीत काहीतरी खरोखर घडते आहे असे दिसले. आपण दोन्ही स्वीकारायला हवे. मनाला भावते तेवढेच उचलले तर ते शास्त्र राहत नाही.

परंतु बंधूंनो, येथे एक मर्यादा आहे. यंत्राने लहर दाखवली. त्या योग्याला आत काय अनुभवास आले ते कागदावर उमटले नाही. मार्गशीर्षात आपण शेतावर हुरडा खातो. कोवळ्या ज्वारीत किती साखर, किती पिष्ट हे प्रयोगशाळा सांगेल. जिभेवरून मेंदूत कोणता संदेश गेला तेही सांगेल. पण हुरडा न खाल्लेल्या माणसाला त्या अहवालावरून हुरड्याची चव कळेल का? देहातल्या हालचालींतून 'मला अनुभव येतो आहे' ही जाणीव मुळात का उपजते, याला डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने १९९५ मध्ये 'कठीण प्रश्न' असे नाव दिले. तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

मांडूक्य उपनिषदाने जाणिवेच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: जागृती, स्वप्न, गाढ झोप आणि या तिन्हींना जाणणारी चौथी. १९५३ साली शिकागो येथे अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या आणि स्वप्नांची झोप व गाढ झोप या वेगळ्या अवस्था आहेत असे पुढे आले. म्हणून 'ऋषींना सारे यंत्रज्ञान आधीच ठाऊक होते' असे कृपा करून म्हणू नका. ऋषींनी आतून पाहिले, शिकागोच्या मंडळींनी बाहेरून पाहिले. पहिल्या तीन अवस्थांपर्यंत दोन्ही वाटा शेजारून चालल्या. चौथीविषयी अनुभवी माणसे बोलतात. यंत्राच्या कागदावरून तिचा निर्णय झालेला नाही.

मग आतून पाहणाऱ्याचे म्हणणे खरे की भ्रम, हे ओळखावे कसे? या प्रश्नाला आयुष्य वाहिलेला एक थोर माणूस आपल्या अगदी शेजारी राहून गेला. सोलापूरहून विजापूरकडे जाणारी गाडी धरली की वाटेत निंबाळ स्टेशन लागते. तेथे गुरुदेव रा. द. रानडे यांचा आश्रम आहे. जमखंडीला ३ जुलै १८८६ रोजी त्यांचा जन्म झाला. इंचगेरी संप्रदायातील उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून त्यांना विद्यार्थिदशेत नाम मिळाले. पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी शिकवले, पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व कुलगुरू झाले. उपनिषदांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ चा आणि महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारमार्गावरील ग्रंथ १९३३ चा. ६ जून १९५७ रोजी निंबाळ येथेच त्यांनी देह ठेवला.

नाम घेणारा साधक आणि प्लेटो-अ‍ॅरिस्टॉटल शिकवणारा प्राध्यापक एकाच अंगरख्यात होता. कोणी म्हणाले, मला प्रकाश दिसला, नाद ऐकू आला, की त्यांनी लगेच नमस्कार केला नाही आणि थट्टाही केली नाही. असे अनुभव निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळ्या धर्मांतल्या साधकांना येतात का, ते बुद्धीला सोडून आहेत का, भावना शुद्ध होतात का, आणि मुख्य म्हणजे तो माणूस नीतीने वाढतो का, या कसोट्यांवर ते अनुभव घासून पाहत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनीही १९०२ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असेच सुचवले होते की धार्मिक अनुभवाची पारख त्याच्या मुळावरून न करता फळावरून करावी. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बियाण्याच्या पिशवीवर काहीही छापलेले असो, तो कणसाकडे पाहतो.

याच भाऊसाहेब महाराजांचे दुसरे शिष्य श्री सिद्धरामेश्वर महाराज. त्यांचा जन्म १८८८ सालचा, आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरी गावचा. गुरुबंधू कुलगुरू झाला आणि हे पेढीवर हिशेब लिहीत. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज मुंबईत विडीचे छोटे दुकान चालवीत. 'मी आहे' या जाणिवेपाशी थांबा आणि ती कोठून येते ते पाहा, एवढाच त्यांचा आग्रह. त्यांची संभाषणे १९७३ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने आली आणि परदेशांतून जिज्ञासू येऊ लागले. १९८१ साली ते गेले. सांगायचे हे की गाभाऱ्याची वाट विद्यापीठातून जाते तशी दुकानातूनही जाते. तिला पदवी लागत नाही, संपत्ती लागत नाही. प्रामाणिकपणा मात्र लागतो.

आता मनाचा सभामंडप. गुरुदेव रानड्यांनी १९३३ च्या ग्रंथात तुकोबांच्या जीवनातील एका कालखंडाला 'आत्म्याची काळोखी रात्र' म्हटले आहे. हा शब्दप्रयोग सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश संताचा. देव भेटत नाही, स्वतःचीच घृणा येते, जनांत राहवत नाही, अशी ती अवस्था. दुष्काळात घरची माणसे अन्नावाचून गेलेली पाहिलेल्या तुकोबांनी आपले रडणे लपवले नाही. आपली तळमळ, शंका, देवावरचा राग, सारे शब्दांत ओतले. आजचे मानसशास्त्रही प्रथम हेच सांगते की दुःख दाबू नका, विश्वासाच्या माणसापुढे मोकळे करा. माझ्या चुलतीपुढे त्या बाई बसल्या, तेव्हा तेच घडले.

पण येथे सावध राहा. प्रत्येक काळोख साक्षात्काराच्या वाटेवरचा नसतो. झोप उडणे, अन्न सुटणे, कशातच गोडी न वाटणे, जीव द्यावासा वाटणे ही नैराश्याच्या आजाराची लक्षणे आहेत आणि त्यावर उपचार आहेत. गळक्या छताला गवंडीच लागतो. 'तुझी भक्ती कमी पडते' असे अशा माणसाला सांगणे म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर दगड ठेवणे. तसेच 'देव-बिव सारे खोटे, गोळी खा आणि गप्प बस' असे सांगणे म्हणजे छत दुरुस्त करून गाभाऱ्याला कुलूप लावणे. माझ्या घराने दोन्ही जखमा सोसल्या आहेत.

श्रद्धेच्या जागी निष्काळजीपणा झाला तर काय होते तेही ऐका. तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्यात मनोरुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तेथे आग लागली. बांधलेले जीव पळू शकले नाहीत. २८ जण जळून गेले. असे बांधून ठेवण्याला धर्म कोणताही असो, देव तो मानणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आपल्या महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, आणि त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात प्राण द्यावा लागला. हा कायदा भजनाच्या, वारीच्या, पूजेच्या विरुद्ध नाही. भीती घालून लुबाडणाऱ्याच्या विरुद्ध आहे.

म्हणून समितीपुढे आणि आपणा सर्व देणगीदारांपुढे माझे तीन मागणे आहेत. त्यांना फारसा पैसा लागणार नाही.

पहिले, आरतीच्या वेळापत्रकाशेजारी एक फलक लावावा. त्यावर १४४१६ हा आकडा ठळक लिहावा. २०२२ साली सरकारने सुरू केलेला हा मानसिक आरोग्याचा मोफत दूरध्वनी आहे. रात्री दोन वाजता विहिरीकडे निघालेल्या एखाद्या जिवाला देवळातला तो आकडा आठवला, तर कलशावरचे सोने सार्थकी लागले.

दुसरे, अंगात येणाऱ्या, घुमणाऱ्या माणसाला देवळात मारहाण, चटके, उपास यांपैकी काहीही होणार नाही, असा ठराव व्हावा. तिची थट्टाही होऊ नये. एका शहाण्या बाईने तिच्याजवळ बसावे, पाणी द्यावे, घरी काय घडले ते विचारावे आणि घरच्यांना डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे.

तिसरे, हरिपाठानंतर दहा मिनिटे ध्वनिक्षेपक बंद ठेवून सर्वांनी शांत बसावे. काही मागू नये. आत जो 'मी आहे' म्हणतो, त्याच्याकडे नुसते पाहावे. मुलांनाही बसवावे. त्या दहा मिनिटांत कोणाला काय सापडेल ते मी सांगू शकत नाही. शास्त्राचा शिक्षक म्हणून एवढेच सांगतो की हा प्रयोग ज्याचा त्यानेच करायचा असतो.

माझी चुलती जेथे बसायची तो खांब नव्या बांधकामातही समितीने जागेवरच ठेवला आहे. त्यामागे माझी विनंती नव्हती, तो खांब मजबूत होता एवढेच कारण. आज सकाळी मी थोडा वेळ त्याला टेकून बसलो. सुरुवातीला मित्राने विचारले होते की शास्त्राचा माणूस देवळात काय बोलणार. त्याला माझे उत्तर असे की, शास्त्रानेच मला सांगितले, छत कोणाकडून दुरुस्त करून घ्यावे. आणि छताखाली येऊन बसावे कशासाठी, हे मला त्या अक्षरशत्रू बाईने शिकवले.

 

राम कृष्ण हरी.